मले उचलू नका

"तू वावर पाह्यलं कुठी, बाई?" असं माझा चुलत भाऊ म्हणाला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

तो रागानं बोलला नव्हता. रागानं बोलला असता तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. उन्हाळा संपत आला होता. आमच्या ओसरीवर बसून तो चहा पीत होता आणि यंदा माझ्या वावरात काय पेरायचं ते सांगत होता. वरच्या बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कापूस, खालच्या तुकड्यात सोयाबीन. मी म्हटलं, खालच्या तुकड्यात या वर्षी तूर घालून पाहू. त्यानं बशी खाली ठेवली आणि लहान पोरीला समजावतात तसं मला समजावलं, की तो तुकडा चिबडतो, पावसाळ्यात तिथं पाणी धरतं, तूर सडून जाईल. मी विचारलं, दर वर्षी पाणी धरतं का? तेव्हा तो ते वाक्य बोलला, आणि वावर मी खरंच कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

वावर माझं आहे. बाबांनी जाण्यापूर्वी ते माझ्या नावावर केलं. आर्णीजवळच्या आमच्या गावापासून ते फार लांबही नाही. पण गाव आणि वावर यांच्यामध्ये पांदण आहे, बैलबंड्या जाण्यायेण्याचा कच्चा रस्ता. माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. उजव्यात ताकद आहे, पण थोडी. पट्ट्याचा बूट आणि काठी यांच्या आधारानं मी घरात, दुकानात नीट वावरते. डांबरी रस्त्यावर माझी बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आहे. तिच्यावर मी आर्णीला जाते, तिथं माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बाबांचंच दुकान ते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. बसून करायचं काम, म्हणून बाबांनी मला शिकवलं, आणि मला ते आवडलं.

पांदणीत मात्र त्या स्कूटरचं काही चालत नाही. बंडीच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्यांत तिची बाजूची चाकं अधांतरी लटकतात. एकदा मी हट्टानं घातली होती, तर ती कलंडली आणि मी बाभळीच्या काट्यांत पडले. त्यानंतर वावरात जायचं म्हणजे बंडीत बसायचं, आणि वावर आलं की दोघांनी मला काखेत धरून उचलायचं, नेऊन एका पोत्यावर ठेवायचं. उचलणारे सगळे माझेच होते. कुणी कधी वाईट वागलं नाही. पण पोत्यावर बसवलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. पाणी पिणार का, एवढंच विचारतात. हळूहळू मी जाणंच सोडलं, आणि भावानं ते माझ्या समंजसपणात जमा केलं.

त्या वर्षी खाली सोयाबीनच पेरलं गेलं.

पुढे एकदा मी यवतमाळला वाइंडिंगची तार आणायला गेले होते. तिथल्या एका कबाडीकडून मी जुन्या मोटरींचे सांगाडेही घेते. त्याच्या आवारात, फ्रिजच्या दारांच्या ढिगाला टेकून, नळ्यांची बनवलेली एक बुटकी गाडी उभी होती. चार लहान चाकं, एक सीट, गोल स्टिअरिंग, वर नळ्यांचाच पिंजरा. कबाडी म्हणाला, इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्पर्धेसाठी बनवली होती. कॉलेज संपलं, पोरं गेली, गाडी इथं आली. गो-कार्ट म्हणतात हिला. तो तिला कापून लोखंडाच्या भावात विकणार होता.

मी बाजूच्या टायरच्या थप्पीवर बसले आणि तिथून सरकत तिच्या सीटवर गेले. मला उभ्यानं एकदम खाली बसता-उठता येत नाही, सरकता येतं. त्या गाडीत शिरायला उभं राहावंच लागत नव्हतं. स्टिअरिंग हातात धरून मी कबाडखान्यात किती तरी वेळ बसून राहिले. चार चाकं रुंद पसरलेली, वजन सगळं खाली. ही कलंडणार नाही, एवढं मला तिथंच कळलं. बाकी तिच्यात पांदणीच्या कामाचं काहीच नव्हतं. टायर हाताच्या तळव्यासारखे गुळगुळीत. पोट जमिनीला लागलेलं. इंजीन मोटरसायकलचं, म्हणजे गिअर पायानं, ब्रेक पायानं. पण तारा आणि लोखंड यांत माझं अर्धं आयुष्य गेलेलं आहे. जे नाही ते बसवता येतं.

माल वाहणाऱ्या ऑटोत घालून मी ती घरी आणली. मायनं दारातून पाहिलं. गाडीनं अंगणातली तिची वाळवणाची जागा खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पिंजऱ्याच्या नळ्यांवर धुणं वाळत घातलं. त्यावरून मी समजले, की गाडी राहिली तरी तिची हरकत नाही.

भावानं येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. ही जत्रेतली गाडी कशाला आणली, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, वावरात जायला. तो हसला. मग माझं तोंड पाहून थांबला आणि म्हणाला, "कायले इतका खटाटोप करतं, बाई? मी हाओ न."

हे 'मी हाओ न' मी त्याच्याकडून आयुष्यभर ऐकत आले होते. त्यात प्रेम होतं, हे मी आजही नाकारत नाही. पण तो आहे म्हणून मी नसले तरी चालतं, असाही त्याचा अर्थ होत होता, आणि त्याला तो दिसत नव्हता.

वेल्डिंगसाठी मी आर्णीतल्या एका चाचांकडे गेले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान माझ्या दुकानाच्या समोरच आहे, बाबांच्या वेळेपासूनचा शेजार. नांगर, वखर, लोखंडी दारं, सगळं ते जोडतात. त्यांनी आधी साफ नकार दिला. "कल को काही झालं त लोक मलेच बोलतीन, बेटा," असं ते म्हणाले.

"झालं त माह्या पायाले होईन," मी म्हटलं. "तो त आधीच गेला हाये."

 मी असंही सांगितलं, की तुम्ही केलं नाही तर मी वेल्डिंगची मशीन आणून स्वतः करीन, आणि माझं वेल्डिंग वाईट आहे हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी ठरलं, की सांगाडा आणि एक्सल त्यांनी जोडायचे, बाकी सगळं मी.

पहिलं काम इंजिनाचं. माझ्या आधीच्या, मोडीत काढलेल्या स्कूटरचं बिनगिअरचं इंजीन घरी पडून होतं. ते उघडून साफ केलं, नवे पिस्टन-रिंग घातले आणि सीटच्या मागे बसवून चेननं मागच्या चाकांना जोडलं. आता पायानं गिअर टाकायची गरज उरली नाही. मग हातांचं काम. वेगाची तार स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एका खटक्याला आणून जोडली. ब्रेकच्या पायडलला लोखंडी पट्टी लावून ती डाव्या हातापाशी उभी केली, म्हणजे ओढली की ब्रेक. सीट वर उचलली आणि पिंजऱ्याला एक आडवी नळी जोडून घेतली, तिला धरून मला उठता येईल अशी. ही नळी मी चाचांकडून दोनदा कापून घेतली, कारण हाताची उंची आधी माझ्याच लक्षात नीट आली नव्हती. माझ्या शरीराला काय लागतं ते मलाही करून पाहूनच कळत होतं.

अंगणात गाडी चालली तेव्हा माय ओट्यावर उभी होती. मी अंगणातल्या विहिरीला वळसा घालून परत आले आणि ब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी थांबली. माय एवढंच म्हणाली, की आवाज फार करते.

उन्हाळ्यात, पांदण कोरडी ठाक असताना, मी पहिल्यांदा निघाले. गावाबाहेरच्या पहिल्याच चाकोरीत गाडीचं पोट जमिनीला घासलं. ती अडकून बसली आणि चाकं नुसती फिरत राहिली. मी रिव्हर्सची सोय केलेली नव्हती. एक म्हातारे गृहस्थ गुरं घेऊन चालले होते. त्यांनी मागून ढकललं आणि गाडी निघाली. मी तिथूनच वळवून परत आणली. दोष माझाच होता. सपाट पट्टीवर पळणारी गाडी मी फक्त हातानं चालणारी केली होती. पांदणीची केली नव्हती.

मग ती उचलायची होती. चाचांनी मागचा सांगाडा कापला. आम्ही एक्सल लोखंडी हातांवर टांगला आणि भंगारातल्या स्कूटरचे शॉकअप लावले. पुढच्या दोन्ही चाकांनाही तसेच. पोटाखाली पत्रा ठोकला, दगड लागला तरी नळ्यांना इजा नको म्हणून. चाकं मोठी घातली. गाडी आता चांगली गुडघाभर वर आली. कामाला उन्हाळ्याचे उरलेले दिवस गेले, कारण दुकानही चालवायचं होतं आणि पेरणीच्या तोंडावर मोटरी जळतात त्या नेमक्या तेव्हाच. त्या घाईत भाऊ पेरून मोकळा झाला. वर पऱ्हाटी, खाली सोयाबीन.

पाऊस लागून जमीन चांगली भिजली होती. दोन दिवस उघाड पडली, तेव्हा मी पुन्हा निघाले. चाकोऱ्या पार झाल्या. बाभळीचं वळण पार झालं. वावर समोर दिसू लागलं आणि तिथं, सखल जागी, काळ्या चिखलानं मला धरलं. आमच्याकडची काळी माती ओली झाली की चाकाला चिकटते, त्या थरावर दुसरा थर चढतो, आणि चाकाचा एक लोंदा होतो. माझ्या टायरांच्या खाचा भरून गेल्या. वेग वाढवला तशी चाकं आणखी खाली गेली. मग चेन उतरली आणि इंजीन उगाच ओरडत राहिलं. मी ते बंद केलं.

बाजूच्या वावरातून माणसं आली. माझा भाऊही धावत आला, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. ढग परत भरून आले होते. त्यानं गाडीजवळ येऊन पाठ केली आणि वाकला.

"चाल, बाई, पाठीवर बस. गाडीचं संध्याकाळी पाहू."

"मले उचलू नका," मी म्हटलं. "गाडी वढा."

"अवो, पाणी येऊन राह्यलं."

"येऊ दे. मंग मी पाण्यातच बशीन."

तो तसाच वाकलेला राहिला. आजूबाजूची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी म्हणालं, हट्टी हाये. पाऊस सुरू झाला. माझे केस, कपडे, पायाचा पट्टा, सगळं भिजलं. मी स्टिअरिंग सोडलं नाही. मला रडू येत होतं, पण पावसात ते कुणाला दिसलं नसेल. मला एवढंच पक्कं माहीत होतं, की आता पाठीवर बसून घरी गेले तर पुन्हा कधीच या वाटेला येणार नाही. त्याच्या पाठीवर बसणं सोपं होतं, आणि तेच मला नको होतं.

शेवटी भावानं शिवी घातली, मला की पावसाला कळलं नाही, आणि तो जाऊन बैल घेऊन आला. दोर मागच्या नळीला बांधला. बैलांनी ओढली, माणसांनी ढकलली, आणि मी आत बसून चाकं सरळ धरली. गाडी उलटी उलटी चिखलातून बाहेर आली. मी त्या गाडीतूनच घरी आले, बैलांच्या मागे, उलट्या तोंडानं, आणि गाव दारात उभं राहून पाहत होतं.

कुणीतरी मोबाइलवर ते घेतलं होतं. त्याला गाणं लावून ते आर्णीपर्यंत पोचलं. दुकानात गिऱ्हाइकं येऊन विचारायची, ती बैलांनी ओढलेली गाडी तुमचीच का? मी म्हणायचे, हो, माझीच. एकानं विचारलं, आता विकणार असाल. मी त्याला सांगितलं, की तुमची मोटर उद्या मिळेल.

बैलांनी गाडी ओढून आणली त्याच संध्याकाळी भाऊ घरी आला होता. तो माझ्याशी बोलला नाही, मायशी बोलला. ही गाडी काढून टाका, एखाद्या दिवशी काही झालं तर आयुष्यभर मलाच लागून राहील, असं काहीसं. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"गाडी तिची हाये," ती म्हणाली. "तिले इचार."

त्यानं मला विचारलं नाही. उठून गेला. मायकडून इतकं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मला उचलून उचलून तिची कंबर गेली होती, आणि तरी मला न उचलण्याची बाजू तिनं घेतली.

तिसरी दुरुस्ती मी चिडून केली, आणि म्हणून सगळ्यात नीट केली. मागच्या चाकांना पॉवर टिलरचे मोठ्या खाचांचे टायर बसवले, त्यांच्यातून माती आपोआप गळते. तरी जी राहील ती खरवडायला प्रत्येक चाकाजवळ लोखंडी पट्टी उभी केली. मागचं चेनचं चक्र मोठं घातलं. गाडीचा वेग गेला, ताकद आली. मला वेग हवाच कुठं होता. जळक्या मोटरींची झाकणं कापून चेनला डबा केला, चिखल आत जाऊ नये असा. मोटरीत पाणी शिरू न देणं हे तर माझं रोजचंच काम. चाचांनी रिव्हर्सचा एक वेगळा लहान गिअरबॉक्स भंगारातून शोधून आणला. तो बसवताना आम्ही दोघं खूप भांडलो. ते म्हणत तो टिकणार नाही. टिकला.

शिवाय मी चिखल ओळखायला शिकले. ओल्या जागेत थांबायचं नाही. चाकोरीत चाक घालायचं नाही, एक बाजू गवतावर ठेवायची. मातीवर पापुद्रा धरला असेल तर जायचं, चकाकत असेल तर नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. रोज थोडं थोडं पुढे जाऊन, परत येऊन मी ते पाहिलं. लोक हसायचे, मग हसायचे कमी झाले, मग वाट द्यायला लागले.

गणपती बसले त्या सुमाराला एका सकाळी मी न थांबता वावरात पोचले.

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडी वर चढली तेव्हा पऱ्हाटी माझ्या सीटच्या वर आली होती. फुलं धरली होती. निंदणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक ओळखीची हसून म्हणाली, की मालकीण आली. ते चेष्टेनं म्हटलं असेल, पण शब्द बरोबर होता. मी गाडी बंद केली नाही. मला सगळं पाहायचं होतं. धुऱ्याधुऱ्यानं मी खालच्या तुकड्याकडे गेले.

तिथं पाणी उभं होतं. सोयाबीन पिवळं पडलेलं, काही तासं, म्हणजे ओळी, तर गेल्यातच जमा. वासावरूनच कळत होतं. भाऊ मागून आला, माझ्या बाजूला उभा राहिला. 

"म्हटलं होतं न मी," तो म्हणाला.

"हो. तूर इथं मेली असती."

"मंग?"

"मंग काय? आता मले माहीत हाये."

तो खरा होता आणि मी चुकले होते. त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्याचं बरोबर असणं आणि माझं घरी बसणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्या दिवशी त्या साचलेल्या पाण्यापुढे मला पुरतं पटलं. चुकायचं तर स्वतःच्या वावरात उभं राहून चुकायचं. मी उभी नव्हते, बसलेली होते, तेवढा फरक आहे.

मग मी वरच्या बाजूला गेले. तिथं कडेची एक पट्टी मुरमाड आहे, पऱ्हाटी खुजी राहिली होती. मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी या पट्टीत तूर. तो म्हणाला, पाहू. मी म्हटलं, पाहून झालं, म्हणूनच सांगते आहे. आणि खालचं पाणी ओसरलं की तिथं चणा पेरायचा, ओल आहे तर ती वाया का घालवायची. त्याला तो तुकडा तसाच सोडायचा होता. आम्ही तिथं बायकांसमोर वाद घातला, चांगला मोठ्यानं. आधी तो माझ्याशी कधी वाद घालत नसे, समजावत असे. मला ते भांडण फार आवडलं.

चणा पेरला. अर्धा चांगला आला, अर्धा मर लागून वाळला. भावानं वाळलेला अर्धा मला मुद्दाम दाखवायला बोलावलं. मी गेले आणि पाहिला. आलेला अर्धाही त्याला दाखवला.

मध्यंतरी ग्रामपंचायतीत कुणीतरी बोललं, की बिननंबराची ही गाडी बंद करा. मी सरपंचांकडे गेले. सांगितलं, की डांबरी रस्त्याला मी ती कधी लावत नाही. पांदणीत बंडी चालते, वखर ओढत नेतात, त्यांना नंबर नाही. पांदणीत माझ्यासाठी वेगळा नियम असेल तर तो मला दाखवा. त्यांनी चहा मागवला आणि पांदणीवर मुरूम टाकायचं कसं अडून आहे ते सांगत बसले. विषय तिथंच राहिला. मुरूम अजून पडलेला नाही.

गाडी सध्या अंगणात उघडून ठेवली आहे. मायचे गुडघे आता धरतात, तिलाही पांदण चालवत नाही. मागच्या महिन्यात तिनं पिंजऱ्यावरचं धुणं काढता काढता मला विचारलं, की मागे एक सीट बसेल का. मी तिला समजावलं, की मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात, वळताना गाडी ऐकत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मले बी वावर पाहाचं हाये," ती म्हणाली, आणि धुणं घेऊन आत गेली.

चाचा म्हणतात, सांगाडा वीतभर लांबवावा लागेल. उद्या नळ्या कापायच्या आहेत.